जुन्या प्रोसेसरसाठी सॉफ्टवेअर: आधार कशाला म्हणायचं आणि किती द्यायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चित्रांच्या फाइली वाचणारी, सी आणि थोड्या सी++ मध्ये लिहिलेली मुक्तस्रोत लायब्ररी आहे आणि ती सांभाळणारे तुम्ही दोघंच. एका वापरकर्त्याच्या जुन्या कोअर टू ड्युओ मशीनवर तुमची तयार बायनरी (कंपाइल करून वाटलेली फाइल) सुरू होताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ (प्रोसेसरला न कळणारी सूचना) म्हणून मरते. त्यातच एका डिस्ट्रिब्युशनच्या पॅकेजरने कळवलंय, की एस३९०एक्स आणि ३२-बिट आर्मवर टेस्ट नापास होतायत. आता ‘जुनी आर्किटेक्चरं सरळ बंद करावीत का’, असं तुम्ही विचारताय. आर्किटेक्चर म्हणजे प्रोसेसरचं घराणं.

बंद करण्याआधी या दोन तक्रारी एकमेकींपासून सोडवून घ्या. जुन्या प्रोसेसरची तक्रार खरं तर पहिलीच आहे. एस३९०एक्स म्हणजे आयबीएमचे मेनफ्रेम, त्यांची नवी मॉडेलं आजही बाजारात येतात. ते जुनं नाही, तुमच्या लॅपटॉपपेक्षा वेगळं आहे इतकंच. पहिल्या तक्रारीत कोड बहुधा बरोबर आहे आणि बिल्ड (कोड कंपाइल करून बायनरी बनवणं) चुकलंय. दुसरीत बिल्ड ठीक आहे, पाणी कोडमध्येच मुरतंय. दोन्हींवर ‘आधार काढून टाकला’ हे एकच औषध दिलंत तर दुसरा आजार तसाच राहील, फक्त दिसेनासा होईल.

मोठ्या प्रकल्पांकडे बघून निर्णय घेऊ नका. लिनक्स कर्नलने ३.८ मध्ये (२०१३) इंटेलचा ३८६ प्रोसेसर सोडला, ४.१७ मध्ये (२०१८) आठ आर्किटेक्चरं एका झटक्यात काढली, ६.७ मध्ये (२०२४) इंटेलचं इटॅनियमही गेलं. पण कर्नलमध्ये प्रत्येक आर्किटेक्चरमागे स्वतंत्र कोड असतो: पेज टेबलं, इंटरप्ट, लॉक. ३८६ मध्ये कंपेअर-एक्स्चेंजची सूचनाच नाही, त्यामुळे लॉकच्या कोडला हात लावायचा म्हटलं की तो आडवा यायचा. तुमच्या लायब्ररीत असं काय आहे? बहुतेक असेंब्लीच्या दोन-चार फाइली आणि हेडरमधले काही ‘इफडेफ’ (अट लागू असेल तरच कंपाइल होणारा कोड). बाकी सगळं साधं सी. साध्या सीला प्रोसेसर कोणता याची फिकीर नसते, किंवा नसायला हवी.

आता पहिली तक्रार. त्या वापरकर्त्याला अंदाज विचारत बसू नका, पुरावा मागा. शेलमध्ये प्रोग्रॅमचा एक्झिट कोड १३२ आला, तर तो सिग-इल, म्हणजे ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’चा सिग्नल (१२८ अधिक सिग्नल क्रमांक ४). जीडीबी या डीबगरमध्ये प्रोग्रॅम चालवून तो पडल्यावर प्रोग्रॅम काउंटरपाशी असलेली सूचना छापून घ्यायला सांगा, ‘एक्स/आय $पीसी’ एवढंच लिहायचं असतं. सूचनेचं नाव ‘व्ही’ने सुरू होत असेल आणि रजिस्टर वायएमएम असेल तर ती एव्हीएक्स घराण्यातली, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांतली. झेडएमएम दिसलं तर एव्हीएक्स-५१२. ‘पॉपकाउंट’ दिसलं तर एसएसई ४.२ या त्याआधीच्या पिढीतलं. सोबत बॅकट्रेस (कुठलं फंक्शन कुणी बोलावलं याची यादी) घ्या, कारण ती सूचना तुमच्या कोडमधली की तुम्ही सोबत जोडलेल्या एखाद्या लायब्ररीतली, हे त्यातच कळतं.

एक चोर मात्र या सापळ्यात सापडत नाही. एलझेडकाउंट ही (आकड्याच्या सुरुवातीची शून्यं मोजणारी) सूचना न ओळखणारा इंटेलचा जुना प्रोसेसर चूक दाखवत नाही. तो तिच्या आधीचा प्रिफिक्स दुर्लक्षित करतो आणि जुनी बीएसआर (सर्वांत वरच्या १ बिटाची जागा सांगणारी) सूचना चालवतो. ३२-बिट १ या आकड्याला एलझेडकाउंटचं उत्तर ३१, बीएसआरचं ०. प्रोग्रॅम चालू राहतो आणि उत्तर चुकतं. तेव्हा ‘जुन्या मशीनवर क्रॅश होत नाही, पण चित्र विचित्र दिसतं’ अशी तक्रार आली, तरी आधी बिल्डचे फ्लॅगच बघा.

कारणं साधारण तीन असतात. पहिलं आणि सगळ्यात सामान्य: बिल्ड स्क्रिप्टमध्ये कुणीतरी ‘-मार्च=नेटिव्ह’ घालून ठेवलेलं असतं. याचा अर्थ ‘ज्या मशीनवर कंपाइल करतोय त्याच मशीनसाठी’. सीआयचा (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारा) सर्व्हर नवा असेल तर बायनरीही नव्याच मशीनची होते. स्वतःपुरता बिल्ड करणाऱ्याने तो खुशाल वापरावा, वाटपाच्या बायनरीत तो असता कामा नये. दुसरं कारण म्हणजे कंपायलरचा पूर्वनिर्धारित पाया. एक्स८६-६४ म्हणजे इंटेल-एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरांचे २०२० पासून चार स्तर मानले जातात. व्ही१ म्हणजे एसएसई२ असलेला मूळ पाया, व्ही२ मध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट, व्ही३ मध्ये एव्हीएक्स२, एफएमए वगैरे, व्ही४ मध्ये एव्हीएक्स-५१२. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ ला व्ही२ लागतो, १० ला व्ही३. तिथला जीसीसी न सांगताही त्याच पायावर कोड काढतो, म्हणून तिथे बिल्ड करत असाल तर ‘-मार्च=एक्स८६-६४’ स्वतः लिहून द्या. तेवढ्यानेही सगळं सुटत नाही, कारण त्या सिस्टिममधून स्टॅटिक लिंक केलेला प्रत्येक तुकडा वरच्याच पायावरचा असतो. कोअर टू ड्युओ व्ही१ मध्येच बसतो. एव्हीएक्सचा निकष नुसत्या सालावरही लावू नका. हॅसवेल २०१३ मध्ये एव्हीएक्स२ घेऊन आला, पण त्यानंतरही कितीतरी सेलेरॉन आणि पेंटियम एव्हीएक्सशिवाय विकले गेले.

तिसरं कारण कपाळावर आठ्या आणणारं आहे, आणि तुमच्याकडे सी++ असल्यामुळे त्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही शहाण्यासारखं एव्हीएक्स२ चा कोड वेगळ्या फाइलीत ठेवला, तीच फाइल ‘-एमएव्हीएक्स२’ने कंपाइल केली, चालताना प्रोसेसर तपासून मगच त्या फंक्शनकडे जाता. तरीही जुन्या मशीनवर क्रॅश, आणि तोही भलत्याच साध्या फंक्शनमध्ये. होतं काय, की त्या फाइलीने एखादं हेडर घेतलेलं असतं आणि त्यातलं इनलाइन फंक्शन किंवा टेम्प्लेट, समजा व्हेक्टरची जागा वाढवणारं, तिथेही कंपाइल होतं, अर्थातच एव्हीएक्स वापरून. तेच फंक्शन इतर फाइलींमध्येही साध्या रूपात असतं. लिंकर दोघांतलं एक ठेवतो, एक टाकतो. तो एव्हीएक्सवालं ठेवून बसला की सगळा प्रोग्रॅम तेच वापरतो. लिंक करण्याचा क्रम बदलला की दोष गायब होतो आणि पुढच्या रिलीजला परत येतो. उपाय असा: एव्हीएक्सच्या फाइलीत सी++ ची हेडरं घ्यायचीच नाहीत. तिथे साधे पॉइंटर, लांबी आणि इंट्रिन्सिक्स (प्रोसेसरच्या सूचना थेट बोलावणारी फंक्शनं) एवढंच. मदतीची छोटी फंक्शनं ‘स्टॅटिक’ ठेवा. मग ऑब्जेक्ट फाइलीवर ‘एनएम’ (सिम्बॉलांची यादी देणारं साधन) चालवून बघा, त्यात ‘डब्ल्यू’ची म्हणजे वीक सिम्बॉलं एकही नको.

चालताना प्रोसेसर ओळखण्यासाठी सीपीयूआयडी (प्रोसेसरला काय येतं ते सांगणारी सूचना) स्वतः वाचू नका. प्रोसेसरला एव्हीएक्स येतं एवढं पुरत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम ती रजिस्टरं जपून ठेवते का हेही बघावं लागतं, आणि घरी लिहिलेल्या तपासणीत नेमकं तेच राहून जातं. जीसीसी आणि क्लँगचं ‘बिल्टिन सीपीयू सपोर्ट्स’ दोन्ही बघतं. ‘टार्गेट क्लोन्स’ हे ॲट्रिब्यूट दिसायला छान आहे, एकाच फंक्शनच्या वेगवेगळ्या प्रती ते आपोआप बनवतं, पण ते आयफंकवर (प्रोग्रॅम लोड होताना प्रत निवडण्याची सोय) चालतं आणि मसल या सीच्या मूळ लायब्ररीत आयफंक नाही. म्हणजे मसल वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर ते गेलंच. माझ्या मते दोघांच्या प्रकल्पाला साधा फंक्शन पॉइंटर बरा: सुरुवातीला एकदा ठरवायचा, नंतर विसरायचा. आणि एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा, जो लावला की साधाच कोड चालेल. वेगवान कोडमध्ये दोष आहे की साध्यात, हे वापरकर्त्याकडूनच एका मिनिटात कळतं.

दुसरी तक्रार, टेस्टची. एस३९०एक्स आणि ३२-बिट आर्म हे दोघं एकत्र नापास होतायत, यातच एक सुगावा आहे. एक ६४-बिट बिग-एंडियन (आकड्याचा वरचा बाइट आधी), दुसरं ३२-बिट लिटल-एंडियन (खालचा बाइट आधी). दोघांत सामाईक काय? सीमधला एका बाइटचा साधा ‘चार’ (char) प्रकार दोन्हीकडे अनसाइन्ड असतो, म्हणजे उणे आकडे धरत नाही; तुमच्या एक्स८६ वर तो साइन्ड असतो. म्हणून आधी तिथेच बघा. ठरलेला बळी म्हणजे बेस६४ सारखा तक्ता: २५६ घरांचा ‘चार’चा ॲरे, चुकीच्या अक्षरांसाठी –१, आणि पुढे ‘किंमत शून्यापेक्षा कमी असेल तर नाकारा’. अनसाइन्डमध्ये –१ चे २५५ होतात, ती अट कधीच खरी ठरत नाही आणि कचरा इनपुट बिनबोभाट आत घेतलं जातं. हा नुसता टेस्टचा प्रश्न राहत नाही, सुरक्षेचाही होतो. गेटचारचं उत्तर ‘चार’मध्ये ठेवून ईओएफशी (फाइल संपल्याची खूण, –१) ताडणं हा त्याचाच भाऊ: आर्मवर लूप संपत नाही, एक्स८६ वर २५५ हा खरा बाइट आला की फाइल अर्ध्यात संपल्यासारखी वाटते. दोन्हीकडे चूकच, फक्त एक्स८६ वर ती लपते. हे शोधायला आर्मचं मशीन नको. तुमच्याच लॅपटॉपवर ‘-एफअनसाइन्ड-चार’ लावून टेस्ट चालवा, आणि एक्स्ट्रा वॉर्निंग चालू करा. ‘तुलना नेहमीच खोटी’ असं कंपायलर स्वतःच सांगतो.

फक्त एस३९०एक्सवर पडणाऱ्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा बाइटांचा क्रम असतो. फाइलीत रुंदी ३०० लिहिलीय, लिटल-एंडियन पद्धतीने: २सी ०१ ०० ००. कोडने बफरचा पॉइंटर ३२-बिट पूर्णांकाचा म्हणून वळवून वाचला, की बिग-एंडियन मशीनवर तीच रुंदी ७३,८२,६३,०४० होते. मग एक तर मेमरी मिळत नाही म्हणून टेस्ट पडते, नाही तर ‘फाइल खराब’ असा संदेश येतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. ‘बिग-एंडियन असेल तर उलटवा’ असे इफडेफ जागोजागी पेरू नका. चार बाइट सुटे वाचा, ८, १६, २४ ने सरकवा, जोडा. असं एकच छोटं फंक्शन सगळीकडे वापरा. आजचे कंपायलर त्याचं एका लोडमध्ये रूपांतर करतात, तेव्हा वेगाची भीती नको.

त्याच फंक्शनने तिसरा दोषही जातो, अलाइनमेंटचा, म्हणजे आकडा त्याच्या मापाच्या पटीतल्या पत्त्यावर नसण्याचा. विषम पत्त्यावरून ३२-बिट आकडा उचलला तर एक्स८६ काही बोलत नाही, स्पार्क सरळ सिग-बस सिग्नल देऊन प्रोग्रॅम मारतो, आणि आर्म व्ही५ वर बाइट फिरवून आलेली चुकीची किंमत हाती येऊ शकते. एक्स८६ वर हे पकडायला ‘-एफसॅनिटाइझ=अलाइनमेंट’ आहे.

फक्त ३२-बिटवर पडणाऱ्यांची कारणं वेगळी. ३२,७६८ गुणिले ३२,७६८ चं चित्र, पिक्सेलला ४ बाइट: गुणाकार बरोबर २ चा ३२ वा घात. ३२-बिट ‘साइझ-टी’त (मापं साठवणारा प्रकार) त्याचं शून्य होतं, मेमरी देणारं मॅलॉक शून्य बाइटांना हो म्हणतो आणि पुढे बफरच्या बाहेर लिहिलं जातं. चित्रांच्या लायब्ररीत ही तपासणी असायलाच हवी, ३२-बिट वापरणारा एकही माणूस उरला नसला तरी. लिंक होताना ‘अ‍ॅटॉमिक लोड ८’ सापडत नाही अशी चूक आली, तर त्या प्रोसेसरला ६४-बिट आकडा थ्रेडांमध्ये न तुटता वाचणारं अ‍ॅटॉमिक थेट येत नाही. लिबअ‍ॅटॉमिक जोडा, पण बिल्डमध्ये आधी छोटी चाचणी करून, गरज असेल तिथेच. जुन्या ३२-बिट एक्स८६ वर फ्लोटिंग पॉइंटच्या टेस्ट शेवटच्या अंकात चुकतात, कारण एक्स८७ (त्यांचा जुना फ्लोटिंग पॉइंटचा भाग) आत ८० बिटांत हिशेब करतो. तिथे ‘बरोबर तेवढंच’ असं ताडणारी टेस्टच सैल करायची.

वेळेची बाब जरा जपून. ३२-बिट ‘टाइम-टी’ (वेळ सेकंदांत साठवणारा प्रकार) १९ जानेवारी २०३८ ला, जागतिक वेळेनुसार ०३:१४:०७ नंतर उलटतो. जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.३४ पासून (२०२१) ‘टाइम-बिट्स’ ६४ करता येतो, सोबत ‘फाइल-ऑफसेट-बिट्स’ही ६४ लागतो. डेबियन १३ मध्ये आय३८६ सोडून बाकीच्या ३२-बिट आर्किटेक्चरवर हा बदल झालाय. तुमच्या सार्वजनिक हेडरमध्ये ‘टाइम-टी’ किंवा ‘ऑफ-टी’ असेल, तर या फ्लॅगने एबीआय (कंपाइल झालेल्या तुकड्यांमधला करार) बदलतो. लायब्ररी एका पद्धतीने आणि ती वापरणारा प्रोग्रॅम दुसऱ्या पद्धतीने बिल्ड झाला तर स्ट्रक्टची मापं जुळत नाहीत. सोपा मार्ग म्हणजे हेडरमध्ये थेट ६४-बिट पूर्णांक द्यायचा. पण तोही एबीआय बदलच, तेव्हा मोठ्या आवृत्तीच्या वेळीच करा.

मशीन नाहीत मग तपासायचं कसं? प्रत्येक आर्किटेक्चर तपासण्याच्या फंदात पडू नका, गुणधर्म तपासा. एस३९०एक्स एकटं बिग-एंडियन आणि अनसाइन्ड चार दोन्ही दाखवतं. आर्म-एचएफ (डेबियनचं ३२-बिट आर्म) ३२-बिटच्या गोष्टी दाखवतं. या दोहोंत स्पार्क, पॉवरपीसी, मिप्स वगैरेंवर होणाऱ्या चुकांचा मोठा भाग येऊन जातो. उरतं एम६८के सारखं, जिथे ३२-बिट आकड्यालाही दोनच बाइटांचं अलाइनमेंट असतं आणि पॉइंटरच्या खालच्या दोन बिटांत काही लपवणारा कोड मोडतो. ते त्या गोटातल्या लोकांवर सोडा, ते चांगले पॅच पाठवतात. डेबियन किंवा उबुंटूवर क्रॉस कंपायलर (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कंपाइल करणारे) पॅकेजमध्येच मिळतात. बायनरी क्यूईएमयू या एम्युलेटरच्या यूझर मोडमध्ये चालवा, बिनएफएमटी-मिस्क (परक्या बायनरी आपोआप क्यूईएमयूकडे देणारी कर्नलची सोय) लावलं की टेस्ट स्क्रिप्टला वेगळं काही सांगावंही लागत नाही. जुन्या एक्स८६ साठीही तेच: क्यूईएमयूला सीपीयूचं मॉडेल ‘कोअर२ड्युओ’ असं स्पष्ट सांगा. न सांगितलंत तर तो काय काय सोसेल याचा भरवसा नाही आणि टेस्ट फुकट पास होतील. हे सगळं बऱ्यापैकी हळू चालतं, म्हणून प्रत्येक कमिटला नको, रात्री एकदा आणि रिलीजआधी एकदा पुरे.

क्यूईएमयूच्या मर्यादा ओळखून असा. अलाइनमेंटच्या चुका तो पकडेलच असं नाही, म्हणून वरचा सॅनिटायझर हवाच. थ्रेडच्या कोडमध्ये मेमरी बॅरिअर (वाचण्या-लिहिण्याचा क्रम बांधणारी सूचना) राहिला असेल तर एक्स८६ यजमानावर तो दिसणार नाही, कारण एक्स८६ चा क्रम मुळातच कडक. त्याला खरं मशीन लागतं. जीसीसी कंपाइल फार्म मुक्तस्रोतवाल्यांना पॉवर, स्पार्क वगैरे खऱ्या मशीनवर फुकट खातं देतं, अर्ज करून ठेवा.

एका गोष्टीवर तुमचा ताबा नाही: साखळीतली भाषा आणि कंपायलर. पायथॉनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ पॅकेजने फेब्रुवारी २०२१ मध्ये ३.४ आवृत्तीत बिल्डसाठी रस्ट ही भाषा आणली आणि ज्या आर्किटेक्चरवर रस्टच नव्हतं तिथली मंडळी एका अपडेटसरशी अडकली. गो भाषेने १.१६ मध्ये एक्स८७ सोडलं. एसएसई२ नसलेल्यांना सॉफ्टफ्लोटचा हळू रस्ता तेवढा ठेवला. तुम्हीही उद्या एखादी नवी डिपेंडन्सी घेताना ती ऐच्छिक ठेवता येते का बघा. नसेल तर तोच तुमचा आर्किटेक्चरचा निर्णय आहे हे समजून घ्या, आणि तो चेंजलॉगमध्ये तसाच लिहा.

मग वचन काय द्यायचं? रस्ट आणि पायथॉन दोघांनी आधाराचे स्तर पाडलेत, तुमच्यासारख्या दोन माणसांच्या प्रकल्पाला रीडमीमधल्या तीन ओळी पुरतात. एक: कुठल्या प्रोसेसरसाठी तयार बायनरी देतो. दोन: कुठे टेस्ट चालवतो, पण बायनरी देत नाही. तीन: बाकी सगळीकडे बिल्ड व्हावं अशी इच्छा आहे, पॅच घेऊ, पण रिलीज त्यासाठी थांबणार नाही. पहिल्या ओळीत जायला सीआय आणि नाव घेऊन जबाबदार असलेला माणूस, दोन्ही हवेत. तुमच्या बाबतीत मी पहिल्या ओळीत एक्स८६-६४ व्ही१ आणि ६४-बिट आर्म, दुसरीत एस३९०एक्स आणि आर्म-एचएफ लिहिलं असतं. व्ही१ ठेवायला तुम्हाला काही पडत नाही, कारण वेगवान रस्ता चालताना निवडला जातोच.

काढायचंच असेल तर आधी जुन्या प्रोसेसरची हाताने लिहिलेली असेंब्ली काढा. कुणी न चालवलेली असेंब्ली कधी मोडली हे कळत नाही, आणि खरा बोजा तिचाच असतो. ती गेली की ते आर्किटेक्चर साध्या सीवर येतं, हळू पण बरोबर. याला आधार काढणं म्हणत नाहीत. ‘अनोळखी आर्किटेक्चर’ म्हणून कंपाइल थांबवणारे ‘एरर’ही कोडमधून उपटा. अनोळखी असेल तर साधा सी, एवढा नियम बास.

आणि पुढे कधी पाया खरोखरच व्ही२ वर न्यायचा झाला, तर एक रिलीज आधी सांगा, शेवटच्या व्ही१ आवृत्तीचा टॅग रीडमीत द्या, आणि लायब्ररीच्या इनिट फंक्शनमध्ये प्रोसेसर तपासून ‘या बायनरीला एसएसई ४.२ लागतं’ असा स्पष्ट संदेश देऊन चूक परत करा. ती तपासणी असलेली फाइल मात्र व्ही१ वरच कंपाइल करा आणि तिला सी++ च्या ग्लोबल कन्स्ट्रक्टरांआधी चालू द्या, नाही तर संदेश छापायच्या आतच सिग-इल येतो.